पीएचडीआधीची दोन वर्षं: पुण्यात जैववैद्यकीय संशोधनाचा अनुभव कसा घ्यावा

पीएचडीच्या मुलाखतीत ‘कुठली कुठली टेक्निक्स येतात?’ हा प्रश्न दोन मिनिटांत आटोपतो. पुढचा सगळा वेळ वेगळ्याच चौकशीत जातो. हा प्रयोग का केला, आकडा आला तो खरा कशावरून, उलटा आला असता तर पुढे काय केलं असतं? याची उत्तरं पाठ करून देता येत नाहीत. एका लॅबमध्ये, एका प्रश्नामागे वर्ष-दीड वर्ष लागल्यावरच ती सुचायला लागतात. एमएस्सी, बीटेक, एमफार्म किंवा चार वर्षांची पदवी झालेल्यांनी पुण्यात हा अनुभव कसा मिळवायचा, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

पहिली पायरी: कॅलेंडर मांडून बसा

बहुतेक जण ‘वर्षभर काम करतो, मग अर्ज करतो’ असं ठरवतात. हा हिशेब जुळत नाही. तुम्ही जुलैत रुजू झालात असं धरा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या अर्जाची मुदत डिसेंबरात संपते, आणि तिथे साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. म्हणजे तुमच्या गाइडने तुम्हाला पाचच महिने पाहिलेलं असतं, आणि त्यातले पहिले तीन शिकण्यात गेलेले असतात. अशा वेळी पत्रात ‘मेहनती आहे, वेळेवर येते’ यापलीकडे लिहिण्यासारखं फारसं नसतं. दुसऱ्या डिसेंबरात अर्ज केलात तर सतरा महिन्यांचं काम हाताशी असतं. म्हणून दोन वर्षांची तयारी ठेवा, आणि निघायचंच असेल तर निदान एक पूर्ण वर्ष झाल्यावर निघा.

भारतातल्या पीएचडीसाठी परीक्षा लागतेच. सीएसआयआर-यूजीसी नेट साधारणपणे जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. त्यात ‘क’ भागातले प्रश्न ४ गुणांचे असतात आणि अख्खा निकाल त्यांच्यावर फिरतो. हे प्रश्न प्रयोगाचे निकाल वाचून तर्क लावायला सांगतात, त्यामुळे लॅबमध्ये काम करणाऱ्याला ते सोपे जातात. २०२४ पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. ही शेवटची पात्रता एकच वर्ष चालते, हे विसरू नका. गेट फेब्रुवारीच्या सुमारास होते, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. टीआयएफआर-एनसीबीएस वगैरे मूलभूत संशोधन संस्थांसाठीची जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा हा आणखी एक मार्ग आहे. नोकरी आणि अभ्यास एकत्र जमतात, पण रोजचे दीड-दोन तास पहिल्या आठवड्यापासून बाजूला काढावे लागतात. ‘लॅबमध्ये रुळलो की बघू’ म्हणणाऱ्यांची एक संधी हमखास जाते.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. नियम असला तरी मुलाखतीच्या टेबलावर एमएस्सीचं डेझर्टेशन (संशोधन प्रबंध) केलेला उमेदवार शेजारीच बसलेला असतो. चार वर्षांच्या पदवीवाल्यांना हा मधला अनुभव म्हणूनच जास्त गरजेचा आहे.

एक गैरसमज इथेच दूर व्हावा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतला ‘पोस्ट-बॅक’, म्हणजे पदवीनंतरच्या संशोधन अनुभवाचा, कार्यक्रम इंटरनेटवर पटकन सापडतो आणि त्याची माहिती वाचून मुलं हुरळून जातात. तो अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. त्या अर्जात वेळ घालवू नका.

दुसरी पायरी: पुण्यात कुठे काय चालतं ते जाणून घ्या

विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आहे. कर्करोग, प्रतिकारशक्ती, स्टेम सेल यांवर काम करायचं असेल तर पहिलं नाव हे. देशभरातल्या लॅबना सेल लाइन्स पुरवणारं भांडारही तिथेच आहे. पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. आयसर २००६ची, जीवशास्त्र विभाग मोठा, आणि पेशी, मेंदू, विकासजीवशास्त्र अशा मूलभूत प्रश्नांवर तिथला भर. एनसीएल रसायनशास्त्राची म्हणून ओळखली जाते, पण प्रथिनं, एन्झाइम्स आणि औषधनिर्मितीचं कामही तिथे होतं. तिच्याच आवाराला लागून असलेल्या व्हेंचर सेंटरमधल्या छोट्या कंपन्या नव्या पदवीधरांना घेतात.

विषाणू हवे असतील तर राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ साली सुरू झालेल्या या संस्थेचं एक आवार आंबेडकर रस्त्यावर आणि दुसरं पाषाणला आहे. सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-४ प्रयोगशाळा पाषाणच्या आवारात आहे. नवख्याला तिथे थेट प्रवेश नसतो आणि नसावाही. भोसरीत १९९२ पासून असलेली ‘नारी’, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आता नव्या, लांबलचक नावाने चालते. एचआयव्ही आणि क्षयावरचं काम तिथे पाहायला मिळेल. आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था १९४६ची आहे, आणि तिथे सूक्ष्मजीव, नॅनो-जैवविज्ञान, विकासजीवशास्त्र असे बरेच विषय एका छताखाली चालतात.

रुग्ण आणि समाज यांच्याजवळचं काम करायचं असेल तर रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र आणि त्याचं वढूचं ग्रामीण केंद्र बघा. गरोदर मातांच्या आहाराचा मुलांच्या पुढच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, याचा पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास केईएमने १९९३ मध्ये सुरू केला आणि त्यातली मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. ससून आणि बीजे मेडिकलच्या आवारात क्षय आणि एचआयव्हीवरचे क्लिनिकल अभ्यास चालतात. धनकवडीला भारती विद्यापीठाची इर्शा ही आरोग्य-संशोधन संस्था आहे. हडपसरची सीरम आणि हिंजवडीची जेनोव्हा या औषध-लस कंपन्यांतल्या नोकऱ्या चांगल्या असतात, पण क्वालिटी कंट्रोलमध्ये रोज ठरलेलीच चाचणी करावी लागते. पीएचडी करायचीच असेल तर आर अँड डी विभागात जागा आहे का ते आधी विचारा.

संस्थेच्या नावापेक्षा लॅब बघा. मोठ्या संस्थेतल्या पंचवीस जणांच्या लॅबमध्ये नवा माणूस वर्षभर बफर बनवत राहू शकतो. साध्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात तीनच माणसं असतील, तर तिथे दुसऱ्या महिन्यात तुमच्या हाती स्वतःचा प्रयोग असतो.

तिसरी पायरी: पद आणि पैसा

जाहिरातींत ज्युनियर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट अशी नावं दिसतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थांत प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशी पदं असतात. जेआरएफची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. नेट-गेट नसलेल्याला प्रोजेक्ट असोसिएट म्हणून कमी मिळतात आणि बीएस्सीवाल्याला असिस्टंट म्हणून त्याहून कमी. घरभाड्यासाठी पुणे ‘एक्स’ वर्गात मोडतं, म्हणजे सर्वांत वरचा दर लागतो. मात्र जाहिरातीत ‘कन्सॉलिडेटेड’, म्हणजे एकत्रित रक्कम, असं लिहिलं असेल तर हा भत्ता मिळत नाही.

पैसे वेळेवर येतील हे धरून चालू नका. प्रकल्पाचा निधी वर्षावर्षाने मंजूर होतो आणि मार्चअखेरीनंतर पुढचा हप्ता येईपर्यंत पगार अडकू शकतो. नव्या माणसाचा पहिला पगार कागदपत्रांपायी लांबतो, ते वेगळंच. तीन महिन्यांच्या खर्चाची सोय करूनच या. औंध, पाषाण, सुतारवाडी, खडकी भागात कॉट बेसिसवर जागा मिळते. पहिल्या दोन महिन्यांसाठी तीच बरी, कारण फ्लॅटचं डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार लगेच गळ्यात पडत नाही. लॅबपासून अर्ध्या तासाच्या आत राहा. रात्री अकराला पेशींचं मीडियम बदलून परतायचं असतं, तेव्हा हे अंतर फार महत्त्वाचं ठरतं.

‘आठवड्यात पीसीआर, सर्टिफिकेटसह’ असे पैसे घेऊन चालणारे कोर्स शहरात पुष्कळ आहेत. पीएचडीच्या निवडीत त्यांना वजन नाही. ते पैसे भाड्यासाठी ठेवा.

चौथी पायरी: मेल आणि मुलाखत

जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर येतात आणि मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून दर सोमवारी आठ-दहा वेबसाइट उघडून पाहायची सवय लावा. जाहिरातीची वाट न बघता थेट मेल केला तरी चालतं. पण एकच मजकूर तीस जणांना पाठवाल तर तो न वाचताच डिलीट होईल. मेल दीडशे-दोनशे शब्दांचा असावा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि कधीपासून मोकळे. मग त्या लॅबचा अलीकडचा एक शोधनिबंध आणि त्यात तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न. मग डेझर्टेशनमध्ये स्वतःच्या हाताने काय केलं, ते दोन वाक्यांत. सोबत दोन पानांचा सीव्ही आणि गुणपत्रिका पीडीएफमध्ये जोडा. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको.

सीव्हीत ‘वेस्टर्न ब्लॉट येतं’ असं लिहिलंत तर प्राथमिक अँटिबॉडी किती पातळ केली होती, हे विचारलं जाणारच. फक्त पाहिलेलं ‘पाहिलं आहे’ म्हणूनच लिहा.

वॉक-इनला (थेट मुलाखतीला) मूळ गुणपत्रिका, प्रोव्हिजनल किंवा पासिंग सर्टिफिकेट, जन्मतारखेचा पुरावा, वयात सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, आणि सगळ्यांच्या स्वसाक्षांकित प्रती घेऊन जा. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागलेला नसेल तर अनेक ठिकाणी मुलाखतीलाच बसू देत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा.

मुलाखतीत गणित विचारतात आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. ०.५ मोलर मिठाचं ५० मिली द्रावण कसं कराल? मिठाचा रेणूभार ५८.४४, म्हणून १.४६ ग्रॅम. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचपट्टीच्या) चार कोपऱ्यांत मिळून १६० पेशी दिसल्या, ट्रिपॅन ब्लू या रंगात सम प्रमाणात मिसळल्या होत्या, तर मिलीमागे किती? सरासरी ४०, गुणिले २, गुणिले १०,००० म्हणजे ८ लाख. मग एका वेलमध्ये २ लाख पेशी टाकायला पाव मिली. अशी उदाहरणं कागद-पेन घेऊन, कॅल्क्युलेटरशिवाय रोज पाच सोडवा.

तुम्हीही विचारा. प्रकल्पाची मुदत किती उरली आहे? माझ्याकडे स्वतंत्र भाग असेल का? आधीचा असिस्टंट आता कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गाइडकडून घ्याच, पण चहाच्या टपरीवर लॅबमधल्या मुलांनाही विचारा.

पाचवी पायरी: रुजू होण्याआधी लस

रक्त, ऊतक किंवा रुग्णांचे नमुने हाताळायचे असतील तर हेपटायटिस-बीची लस आत्ताच सुरू करा. तीन डोस: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासून ते दर मिलीलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिटच्या वर असल्याची खात्री करा. रुजू होण्याच्या दिवशी सुरुवात केलीत तर पहिले सहा महिने अर्धवट संरक्षणात जातात.

सुई टोचली तर जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. भीती किंवा संकोचापायी गप्प राहण्यातच खरा धोका आहे. कचऱ्याचे रंग पहिल्या दिवशी पाठ करा: सुया पांढऱ्या, टोचली न जाणाऱ्या डब्यात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्यात, आणि रक्ताने माखलेला कापूस व कल्चर पिवळ्यात.

सहावी पायरी: पहिले तीन महिने

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या फार उशिरा कळतात, म्हणून जरा सविस्तर.

पिपेटपासून सुरुवात करा. १००० मायक्रोलिटरवर लावलेल्या पिपेटने डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा तराजूवर टाका. २५ अंशांना प्रत्येक वेळी ०.९९७ ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवं. दहाही आकडे एकमेकांजवळ पण सगळेच कमी असतील तर दोष पिपेटचा. आकडे विखुरलेले असतील तर बहुधा हाताचा. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे द्रव ओढताना बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबणं, त्यामुळे जास्त द्रव येतो. ग्लिसरॉलमधलं एन्झाइम टिपच्या भिंतीला चिकटतं, ते सावकाश ओढा आणि टिप द्रवात खोल बुडवू नका.

पेशी वाढवताना ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, १० टक्के सीरम हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन किती वेळ ठेवायचं ते ठाऊक नसतं. दोन-तीन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा, पेशी गोल होऊन सुटल्या की सीरम असलेलं मीडियम घालून थांबवा. दहा मिनिटं विसरलात तर पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात आणि दुसऱ्या दिवशीचा फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरची प्रथिनं मोजण्याचा) निकाल विनाकारण बिघडतो. गोठवताना १० टक्के डीएमएसओ आणि मिनिटाला सुमारे एक अंश या वेगाने तापमान उतरवायचं. वितळवताना उलट, घाई करायची.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग दिसत नाही. मीडियम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग नाही. पेशी नुसत्या मंद वाढतात आणि जनुकांचे आकडे बदलतात. नवी सेल लाइन आली की आधी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, पीसीआरने तपासा, मगच इतरांत मिसळा. शेजारच्या लॅबमधून मैत्रीखात्यात आणलेल्या फ्लास्कला हा नियम दुप्पट लागू.

पीसीआरमध्ये नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबमध्येही बँड आला तर त्या दिवसाचा सगळा निकाल बाजूला ठेवा. बहुतेक वेळा आधीच्या प्रयोगातला वाढवलेला डीएनए पिपेटवर किंवा पाण्यात गेलेला असतो. मिश्रण बनवायची जागा आणि जेल लावायची जागा वेगळी हवी, पिपेटही वेगळे. पाणी, प्रायमर छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवा, म्हणजे एक भाग फेकला की काम पुढे सुरू होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. एकाच फ्लास्कमधून काढलेला आरएनए तीन वेल्समध्ये घातला म्हणजे तीन प्रयोग झाले नाहीत. ते तीन आकडे तुमच्या पिपेटचा नेमकेपणा सांगतात, पेशींबद्दल काही सांगत नाहीत. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पिढीच्या) पेशी घेऊन केलेले प्रयोग म्हणजे तीन. ही गल्लत घेऊन पीएचडीच्या मुलाखतीला गेलात तर पाचव्या मिनिटाला पकडले जाल. आणि न पकडले गेलात तर आणखी वाईट, कारण पुढची चार वर्षं खोट्या फरकामागे जातील.

वही पेनाने लिहा, पानं फाडू नका. प्रयोग सुरू करण्याआधी काय अपेक्षित आहे ते एका ओळीत लिहा. अँटिबॉडीचा लॉट नंबर, पॅसेज नंबर, मीडियम कधी बनवलं, कुठला इन्क्युबेटर, सगळं त्याच दिवशी. फसलेला प्रयोग तर अधिक तपशिलाने लिहा. पुढे मुलाखतीत बोलायला याच वहीतून सामग्री मिळते.

सातवी पायरी: स्वतःचा प्रश्न मागून घ्या

चौथ्या-पाचव्या महिन्यात हात बसलेला असतो. तेव्हा गाइडकडे एक पान लिहून न्या: आत्तापर्यंत मला असं दिसलं, मला हा प्रश्न पडतो, त्यासाठी हे दोन प्रयोग, इतका खर्च, इतके आठवडे, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर हे पुढचं पाऊल. खर्चाचा आकडा नसलेलं पान बाजूला पडतं, कारण गाइडला पहिली काळजी तीच असते. परवानगी मिळाली तर त्यातूनच शिफारसपत्राला आशय मिळतो. प्राण्यांवरचं काम असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची, माणसांचे नमुने असतील तर मानवी नीतिसमितीची मंजुरी आधी लागते. मंजूर प्रोटोकॉलबाहेरचा एकही नमुना घ्यायचा नाही, ‘थोडंच रक्त उरलंय’ म्हणूनसुद्धा नाही.

क्लिनिकल अभ्यासात असाल तर जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षण लवकर पूर्ण करा. तिथे तुमची मराठी हेच मोठं कौशल्य आहे. संमतिपत्रक वाचून दाखवल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘मावशी, आम्ही काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा बरं’ असं म्हणा. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. ‘मध्येच सोडलंत तरी उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य कितीही घाई असली तरी गाळायचं नाही.

आठवी पायरी: पत्र आणि निरोप

शिफारसपत्र निदान तीन आठवडे आधी मागा. सोबत एक पान द्या: कोणते प्रयोग, कुठे अडलं, कसं सुटलं, कोणती आकृती तुमच्या आकड्यांची आहे. पत्र लिहिणाऱ्याला तपशील मिळाले की पत्र आपोआप नेमकं होतं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हटलं तर मुद्द्यांचं पान पुढे करा आणि पत्र त्यांनीच लिहावं अशी नम्र विनंती करा. परदेशी समित्यांना उमेदवाराने लिहिलेलं पत्र बहुधा ओळखू येतं.

शोधनिबंधात नाव येईल का, हे काम सुरू होतानाच बोलून घ्या. शेवटी विचारलं की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

पीएचडीचा प्रवेश प्रकल्पाच्या मध्यातच येऊ शकतो. नियुक्तिपत्रातली नोटिशीची मुदत बघा आणि मुलाखतीचं पत्र आल्याच दिवशी गाइडला सांगा, निवड होईपर्यंत लपवून ठेवू नका. डेटा आणि नमुने संस्थेचे असतात, लेखी परवानगीशिवाय पेन ड्राइव्हवर काही नेऊ नका. शेवटच्या दोन आठवड्यांत फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्याची यादी करा, पुढच्या माणसासमोर तुमचा मुख्य प्रयोग एकदा त्याच्याच हातून करवून घ्या, आणि अनुभव प्रमाणपत्र व नो-ड्यूज हातात पडल्यावरच खोली सोडा. पुढे फेलोशिपच्या कागदपत्रांत ही दोन्ही लागू शकतात, आणि दुसऱ्या शहरातून फोनवर ती मिळवायला महिने जातात.